नाक उडालेला मेंढपाळ

चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळी नाताळचा गोठा तयार असतो, फक्त गव्हाणी रिकामी असते. पंधरवड्यापूर्वी डब्यांत पेरलेली नाचणी आता बोटभर वर आलेली असते, तेच गोठ्यासमोरचं कुरण. पायवाटेला किनाऱ्यावरची रेती, छपराला भाताचा पेंढा, मागे चुडतांचा आडोसा. मेंढपाळांपैकी एकाचं नाक कधीचं उडालेलं असतं आणि दरवर्षी पोरं त्यावर रंगाचा नवा हात मारतात. मध्यरात्रीच्या मिस्साला फादर बाळ येशूला हातांवर घेऊन येतात, गव्हाणीत ठेवतात. तिथून तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत, हा बाळ वाटेकडेला उघड्यावर निजतो.

या बाळाच्या पोटात जीपीएस ट्रॅकर बसवावा का? असलं यंत्र आता कुणीही घरबसल्या मागवू शकतो, त्यामुळे प्रश्न नुसत्या थट्टेचा राहिलेला नाही. मालवणात तो काढलात तर पहिलं उत्तर ठरलेलं आहे: ‘देवाक खंयचो चोर व्हरतलो?’

अमेरिकेत नेतात. फ्लोरिडातल्या वेलिंग्टन या गावात २००७ च्या नाताळात सार्वजनिक देखाव्यातला चिनी मातीचा बाळ येशू नाहीसा झाला. मूर्तीच्या आत जीपीएस बसवलेला होता. पोलीस त्या खुणेवरून जवळच्याच एका घरात पोचले, तर मूर्ती गालिच्यावर पालथी पडलेली. अठरा वर्षांच्या एका मुलीला अटक झाली. पुढच्या वर्षी तर न्यूयॉर्कच्या एका कंपनीने प्रार्थनास्थळांना असली यंत्रं महिनाभर फुकट वापरायला देऊ केली. तिकडे बाळ येशू पळवणं हा बऱ्याचदा टवाळ पोरांचा उद्योग असतो. पोरगं सापडतं, मूर्ती परत येते. ट्रॅकर अशा चोरीला उत्तम.

हसण्याआधी आपल्या अंगणात पाहू. देवाला राखण लागते यापेक्षा देवच राखण करतो, ही सिंधुदुर्गाची जुनी समजूत. आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावाच्या शिवेवर फेरी मारतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा. झिजलेला तळवा हाच फेरीचा पुरावा! आचऱ्याची गावपळण तर याहून धीट. रामेश्वराचा कौल घेऊन अख्खा गाव गुरं, कुत्री, कोंबड्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो आणि मागे राखणीला देव. यात श्रद्धा आहेच, पण आणखीही एक गोष्ट आहे. गाव बाहेर पडतो तो एकत्र, राहतो वेशीलगतच, आणि कोण कुठे आहे हे प्रत्येकाला ठाऊक असतं. अशा गावात परका माणूस शिरला तर देवाआधी म्हातारी विचारते, ‘कोणाचो रे तू?’

यंत्राची गोष्ट वेगळी. जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फक्त वेळेचे आणि स्वतःच्या जागेचे संकेत पाठवत असतात. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की यंत्र आपली जागा मोजतं. यात चोर पकडण्यासारखं काही नाही. ती जागा आपल्या मोबाइलवर कळवायची तर यंत्रात सिमकार्ड हवं, रेंज हवी आणि चार्जिंग हवं. मूर्ती जांभ्याच्या जाड भिंतीआड नेली की संकेत मंदावतात, घाटाखालच्या एखाद्या दरीत रेंजच नसते. नाताळभर पोटात यंत्र घेऊन पडलेल्या बाळाचं चार्जिंग कोण करणार, याचाही विचार करा. स्वस्तातली छोटी ब्लूटूथ बटणं तर जीपीएस नव्हेतच. ती शेजारून जाणाऱ्या कुणाच्या तरी फोनच्या आधाराने जागा सांगतात. मुंबईच्या लोकलमध्ये ठीक आहे, रात्री अकरानंतरच्या देवबागच्या रस्त्यावर कोणाचा फोन जाणार? आमच्या मासेमारांना हे सांगायला नको. ते खडपाची आणि माशाची जागा जीपीएसवर टिपून ठेवतात, पण जाळं राखायला होडीवर माणूस बसतोच.

आणि चोर टवाळ नसेल तर? दिवेआगरचं आठवा. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी एका बागायतीत खणताना गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला, वजन सव्वा किलोहून अधिक. रायगडच्या त्या गावाचं नशीब पालटलं, पर्यटक आले, घराघरांत खानावळी निघाल्या. मार्च २०१२ मध्ये दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांना ठार मारून मुखवटा नेला आणि वितळवला. चोर पकडले गेले, सोनं बरंचसं मिळालं, खटला होऊन शिक्षा झाल्या. मुखवटा मात्र मिळाला नाही. मिळालं ते फक्त सोनं. नव्याने घडवलेल्या मूर्तीची स्थापना व्हायला नोव्हेंबर २०२१ उजाडला. अशा चोराला ट्रॅकर सापडला तर तो पहिल्या खाडीत फेकून देईल, आणि भट्टीत गेलेल्या देवाची जागा उपग्रह काय सांगणार?

उलट, कसलंही यंत्र नसताना परत आलेला देवही आहे. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदन गावच्या शिवमंदिरातली चोलकालीन नटराजमूर्ती चोरीला गेली ते लगेच कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण मंदिरात कुणी जात नव्हतं. ती विकली गेली थेट कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाला, काही दशलक्ष डॉलरांना. ती आपलीच हे सिद्ध झालं ते पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने पूर्वी काढून ठेवलेल्या साध्या फोटोंमुळे. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी मूर्ती भारताच्या हवाली केली.

आमच्या मते सिंधुदुर्गाने घाबरायचं ते श्रीपुरंदनला. सावंतवाडी हे केंद्र असलेला सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला. पण त्याआधी कितीतरी पिढ्यांपासून वाडीवाडीवर कपेलं, म्हणजे छोटी प्रार्थनाघरं आहेत, माडांच्या बनात खुरीस, म्हणजे क्रूस आहेत. तिथे लादाईनीला, म्हणजे एकत्र म्हणायच्या प्रार्थनेला, गर्दी होत असे. आज निम्मी घरं कुलूपबंद, माणसं मुंबईत किंवा आखातात, चाकरमानी येणार तो नाताळला नाहीतर मे महिन्यात. हीच गत आमच्या देवळांची. जुनी लाकडी मूर्ती, पितळी समई, पोर्तुगीज धाटणीची मेणबत्तीदानं, घंटा यांतलं एखादं हललं तर कळायला सहा महिने लागतील. चोराला गोठ्यातल्या प्लास्टरच्या बाळात रस नाही. त्याचा डोळा दानपेटीवर आणि या जुन्या वस्तूंवर असतो.

तेव्हा गोठा जाळीत कोंडू नका. संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी नाताळाचा पहिला देखावा मांडला तो जिवंत बैल आणि गाढव आणून, गावकऱ्यांनी जवळ यावं म्हणून. मालवणातही मिस्साला न जाणारी शेजारपाजारची पोरं गोठ्यासमोर वाकून मेंढरं मोजतात. जाळी लावलीत की ती दुरून पाहून निघून जातील. ट्रॅकर लावायचाच तर हलवता येणाऱ्या जुन्या मौल्यवान वस्तूला लावा, वर्षभर लावा, आणि चार्जिंगचं काम एका ठरलेल्या माणसाकडे द्या. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. त्यांची नोंदणी करून घ्या. आणि बंद कपेलाची किल्ली मुंबईला नेण्यापेक्षा शेजारणीकडे ठेवा, मग ती हिंदू असो वा ख्रिस्ती. आठवड्यातून एकदा दार उघडून झाडू मारणारी बाई ही जगातल्या कुठल्याही उपग्रहापेक्षा जवळून पाहते.

६ जानेवारीनंतर गोठा मोडताना पेटीत वस्तू घालण्याआधी प्रत्येकीचा फोटो काढा, पुढून आणि मागून, शेजारी मोजपट्टी ठेवून. रंग उडालेला, टवका गेलेला, भेग पडलेली दिसू दे. फोटोंची एक प्रत धर्मप्रांताच्या कार्यालयात द्या. आणि त्या नाक उडालेल्या मेंढपाळाचा फोटो जरा जवळून काढा. चोरीच्या ढिगात तोच आधी ओळखू येईल.