गच्चीवर कोण चढणार?

नवरात्रीत कुठल्या दिवशी कुठला रंग, याची यादी ऑफिसच्या ग्रुपवर फिरायला लागली की परतीच्या पावसाची वेळ झाली असं समजा. दांडियाच्या प्लॅनवर तो पाणी फिरवतोच, पण त्याहून मोठं नुकसान तो आपल्या माघारी करून जातो. गावाकडच्या घरात!

तुमच्यापैकी अनेकांचं गावी घर असेल आणि तिथे आई-बाबा दोघंच असतील. आमचं आहे बीबीला, बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात. या भागात पूर्वी धाब्याची घरं असायची. लाकडी छतावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दरवर्षी मृगाआधी वर चढायचं, नवी माती टाकून चोपायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. मग स्लॅब आले आणि 'चला, कटकट मिटली' असा सगळ्यांचाच गोड गैरसमज झाला.

स्लॅबही गळतो बरं का! फक्त सावकाश. तीन महिन्यांत पालापाचोळा आणि एखादी प्लॅस्टिकची पिशवी पन्हाळीच्या तोंडाशी जाऊन बसते. पाणी साचतं आणि वाट शोधतं. डिश अँटेनाचे बोल्ट, कठड्याचा सांधा, बारीक भेगा. आतलं लोखंड गंजलं की फुगतं आणि छताचे पोपडे खाली येतात. त्यात हस्ताची एखादी धुवांधार सर आली की संपलंच. हवामान खात्याच्या हिशेबानं मान्सूनची माघार १७ सप्टेंबरला राजस्थानातून सुरू होते आणि १५ ऑक्टोबरपर्यंत आटोपते. २०१९ साली मात्र त्यानं निघायलाच ९ ऑक्टोबर उजाडवला!

आता फोनवर विचारून बघा, 'घर गळतंय का?' उत्तर ठरलेलं. 'काही नाही रे, एक बादली ठेवली खाली.' ही बादली म्हणजे अलार्म! कारण पाऊस वाढला की पन्हाळ मोकळी करायला काठी घेऊन वर चढतात ते बाबाच. शेवाळलेली गच्ची, दुखरा गुडघा. छत पुन्हा दुरुस्त होईल हो, मोडलेल्या खुब्याचं काय?

तेव्हा उघडीप बघून एक वीकएंड काढा. पन्हाळी साफ करा, तोंडाला जाळी बसवा. गच्चीवर चार बादल्या पाणी ओता आणि कुठे साचतं तिथे खडूनं खूण करा. स्लॅब ओला असेल तर घाईनं वॉटरप्रूफिंगचा कोट मारू नका, तो नीट धरत नाही. सध्या ताडपत्री घाला, मिस्त्रीला दिवाळीनंतर बोलवा.

मग खाली या. आपल्याकडची काळी माती पाण्यानं फुगते, वाळली की आकसते आणि सोबत भिंतींना तडे देते. म्हणून पन्हाळीचं पाणी पायाशी पडू देऊ नका, पाइप जोडून पाच-सहा फूट लांब सोडा. सोयाबीनची पोती फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. दिव्याजवळ छताला ओल दिसली तर मेन स्विच बंद करून आधी वायरमन गाठा.

फ्लॅटवाल्यांनो, टेरेस सोसायटीची असली तरी तुमच्या बाल्कनीतली जाळी तुमचीच. कुंड्यांमधली माती तिथेच जाऊन अडकते!

आणि हो, गावाहून निघण्याआधी शेजारच्या एखाद्या तरण्या पोराशी बोलून ठेवा. पावसात पन्हाळ तुंबली तर तो वर चढेल, बाबा नाही. त्याचा नंबर तुमच्याकडे हवा आणि आईकडेही. बाबांना मात्र हे तुम्हीच समजवायचं. सगळ्यात अवघड काम तेच आहे!