वृद्धांचें विस्मरण आणि गाणें

सुप्यासारख्या गांवांत एखाद्या घरीं अशी आजी असते कीं, तिला नातवाचें नांव आठवत नाहीं, जेवण झालें कीं नाहीं हेंही सांगतां येत नाहीं. लोक ह्यास ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देतात. वस्तुतः स्मृतिभ्रंश हा मेंदूचा विकार आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें भारतांत साठीपुढील सुमारें ८८ लक्ष माणसें त्यानें पीडित आहेत.

अशांस गाण्याचा उपयोग होतो. २०१५ सालीं जर्मनींतील लायप्झिग येथील संशोधकांस असें आढळलें कीं, जुन्या परिचयाचें गाणें मेंदूचे जे भाग सांभाळतात, ते अल्झायमरच्या रोग्यांत इतर भागांच्या मानानें कमी झिजलेले असतात. म्हणूनच बोलणें खुंटलेली म्हातारीही कधीं कधीं ओळखीची चाल कानीं पडतांच पुढील चरण उचलते. गेलेली स्मृति गाण्यानें परत येईल, असा भ्रम कोणीं बाळगूं नये. परंतु मनाची खिन्नता कांहीं अंशीं हलकी होते, आणि हें थोडें नव्हे.

मात्र गाणें कोणतें? येथेंच आमचा खरा मुद्दा आहे. पुष्कळ घरीं म्हातारीपुढें दूरदर्शनचा संच लावून ठेवितात व कर्तव्य झालें असें मानितात. परक्या गाण्यांचा सततचा गोंगाट अशा मनास उलट गोंधळांत टाकतो. तिला हवें तिच्या तरुणपणचें गाणें, तेंही संथ, आणि कोणी शेजारीं बसून म्हटलेलें. आज ऐंशीच्या पुढें असलेल्या पारनेर तालुक्यांतील कितीतरी बायांनीं पहांटे जात्यावर दळण दळलें आहे. त्यांच्या मनांत ओव्या आहेत. पुढें पिठाची गिरणी आली, आणि सुनेच्या हातांतील खुंट्याबरोबर तिच्या ओठांवरील ओवीही गेली. हेमा राईरकर, गी प्वातवाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गांवोगांव फिरून एक लक्षाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या निदान संग्रहांत उरल्या. पण पहिला चरण कोणीतरी घरांतच उचलावा लागतो. दुसरा ती देते. तो पहिला चरण जेथें कोणासच येत नाहीं, तेथें ती मुकीच बसून राहते.

सुप्यास आतां औद्योगिक वसाहत आहे. कर्तीं माणसें पाळीप्रमाणें कारखान्यांत जातात, त्यांस दोष देणें व्यर्थ. शाळा सुटल्यावर घरीं असतात तीं मुलें. हें काम त्यांचें आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. आजी बोलती आहे तोंच तिच्यापासून चार ओव्या, दोन अभंग शिकून घ्यावे.

कोणी विचारील, ख्रिस्ती मुलानें शेजारच्या आजीजवळ हरिपाठ म्हणावा काय? आम्ही म्हणतों, अवश्य म्हणावा. तो धर्मोपदेशाचा प्रसंग नव्हे. तिच्या मनांत जें उरलें आहे, तेंच तिला द्यावयाचें असतें. ज्या ख्रिस्ती वृद्धांनीं बाळपणापासून रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीं पदें म्हटलीं, त्यांच्यापाशीं तींच म्हणावीं. टिळकांनीं (१८६१–१९१९) तरी अभंग-ओवीचा आश्रय केला, तो ते छंद येथील लोकांच्या जिभेवर आधींच होते म्हणूनच ना? एखाद्या गाण्यानें वृद्धाचें मन व्याकूळ झालें, तर तें सोडून दुसरें घ्यावें. आणि पेटीचा सूर चढा लावूं नये, म्हाताऱ्या गळ्यास तो पोंचत नाहीं.