शमुवेलाची गोष्ट पुरी सांगावी

मुलांना विश्वासात वाढवणे आणि त्यांना खरेपणाने वागायला शिकवणे, ही दोन कामे पवित्र शास्त्राने एकत्रच ठेवली आहेत. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवायच्या जागा सांगितल्या आहेत त्या घरातल्या आणि वाटेवरच्या, निजतानाच्या आणि उठतानाच्या. निर्गमात वल्हांडणाच्या वेळी आणि यहोशवाच्या पुस्तकात यार्देनेतून उचललेल्या बारा धोंड्यांपाशी मूल विचारते आणि मोठी माणसे सांगतात. मोठ्यांना काहीतरी करताना पाहून मुलाला प्रश्न पडतो आणि तिथून शिक्षण सुरू होते. पौलाने तीमथ्याच्या विश्वासाचा उगम आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात दाखवला. १५२९ साली मार्टिन ल्यूथरने लहान प्रश्नोत्तरावली लिहिली, तीही कुटुंबप्रमुखाने घरच्यांना शिकवावी म्हणून.

संडेस्कूल त्या मानाने अलीकडचे. रॉबर्ट रेक्सने १७८० मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात ही चळवळ सुरू केली, ती आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब मुलांना रविवारी लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी. भारतात १८७६ मध्ये इंडिया संडे स्कूल युनियन स्थापन झाली. शाळेच्या साच्यातून आलेल्या संडेस्कूलने शाळेच्या रीतीही उचलल्या: वर्ग, हजेरी, पाठांतर, परीक्षा, बक्षीस. मराठी मंडळ्यांत आजही बहुतेक ठिकाणी हाच क्रम दिसतो. त्यातले पाठांतर मुळीच टाकाऊ नाही. लहानपणी पाठ झालेले वचन म्हातारपणी आजाराच्या खाटेवर आठवते, याची साक्ष देणारी माणसे प्रत्येक मंडळीत भेटतात. मात्र पाठांतरातून खरेपणा आपोआप येतो, हे गृहीत तपासून पाहायला हवे.

ते तपासले गेलेही आहे. ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या अमेरिकन अभ्यासकांनी १९२०च्या दशकात सुमारे ११ हजार शाळकरी मुलांना नकळत फसवणुकीची संधी मिळेल अशा चाचण्या दिल्या. हार्टशॉर्न हे स्वतः धर्मशिक्षणाच्या क्षेत्रातले. निष्कर्ष १९२८ ते १९३० या काळात प्रसिद्ध झाले आणि धर्मशिक्षकांना ते बोचले. योग्य काय हे मुलाला ठाऊक असणे आणि त्याने तसे वागणे यांचा संबंध फार क्षीण निघाला. संडेस्कूलच्या नियमित हजेरीने प्रामाणिकपणात ठळक फरक पडलेला दिसला नाही. एका प्रसंगी प्रामाणिक राहिलेले मूल दुसऱ्या प्रसंगी फसवत होते. पुढच्या अभ्यासकांनी हे निष्कर्ष काहीसे सौम्य केले. पण शिक्षकाला उपयोगी पडणारी गोष्ट टिकून राहिली. खरेपणा प्रसंगाप्रसंगाने शिकावा लागतो. ‘खोटे बोलू नये’ एवढ्यावर थांबणारा पाठ दुकानदाराने चुकून जास्त दिलेल्या सुट्या पैशांपर्यंत, शाळेतल्या कॉपीपर्यंत किंवा घरच्यांपासून लपवलेल्या मोबाइलपर्यंत पोचत नाही. ते प्रसंग वर्गात नाव घेऊन आणावे लागतात.

बक्षिसांची रीत इथे उलट फळ देऊ शकते. वचनपाठाच्या स्पर्धेत आई मागच्या बाकावरून ओठ हलवते, शिक्षक पाहून न पाहिल्यासारखे करतो आणि मुलाला चषक मिळतो. त्या मुलाने त्या दिवशी वचन शिकले आणि फसवणूकही शिकली. आणि दोन्ही देवाच्या घरात.

वयाचा विचारही सोडून चालत नाही. जीन पियाजे यांनी १९३२ मध्ये दाखवले, की लहान मुले अपराध मोजतात तो झालेल्या नुकसानीवरून आणि हेतूकडे लक्ष जाते ते पुढे, हळूहळू. म्हणून हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट बालवर्गात सांगू नये. सहा वर्षांचे मूल त्यातून एवढेच घेते, की खोटे बोलले की देव मारून टाकतो. मग चूक झाली की ते अधिक लपवते. तो भाग मोठ्या मुलांसाठी राखावा.

लहानांसाठी शमुवेलाची गोष्ट आहे, पण ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. मुलगा रात्री हाक ऐकतो, तीनदा एलीकडे धावतो, चौथ्यांदा देवाला उत्तर देतो. इथे चित्र रंगवायला दिले जाते आणि तास संपतो. शास्त्रातली गोष्ट पुढे जाते. देवाने त्या मुलाला एलीच्या घराण्याविरुद्धचा न्याय सांगितलेला असतो. सकाळी तो मंदिराची दारे उघडतो आणि एलीला ते सांगायला भितो. एली त्याला जवळ बोलावून बजावतो, की माझ्यापासून काहीही लपवू नकोस. शमुवेल सर्व सांगतो आणि म्हातारा याजक ते ऐकून घेतो, मुलावर रागावत नाही. स्वतःच्या मुलांना आवरण्यात एली कमी पडला होता, तरी या एका सकाळी तो शिक्षकांचा आदर्श ठरतो. खरे बोलण्याचे धैर्य मुलाकडून मागायचे असेल, तर ते ऐकून घेण्याचे धैर्य मोठ्याने आधी दाखवावे लागते.

हा भाग वगळून केवळ आज्ञापालन शिकवणे धोक्याचे आहे. मोठ्यांचे निमूट ऐकणारे मूल वाईट हेतूच्या मोठ्या माणसापुढे असहाय होते, आणि असा माणूस मंडळीतही असू शकतो. कोणी नकोसा स्पर्श केला, गुपित ठेवायला सांगितले, तर ते सांगणे हा खरेपणाच आहे, हे वर्गात स्पष्ट शब्दांत शिकवले पाहिजे. पोक्सो कायदा, २०१२ नुसार अशी माहिती मिळालेल्या प्रत्येक प्रौढाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. पाळकांच्या किंवा कमिटीच्या बैठकीत प्रकरण मिटवण्याची सवलत कायदा देत नाही आणि देवाच्या वचनातही ती सापडत नाही. मुलांसाठीचा १०९८ हा हेल्पलाइन क्रमांक प्रत्येक संडेस्कूलच्या भिंतीवर असावा.

चूक कबूल केल्यावर पुढे काय, हेही शिकवायचे असते. गणना पाचव्या अध्यायात अपराध कबूल करून भरपाई आणि वर पाचवा हिस्सा देण्याचा नियम आहे. जक्कयाने चौपट परत करण्याचे जाहीर केले. वर्गात दुसऱ्याची पेन्सिल उचललेल्या मुलाकडून शंभर वेळा ‘सॉरी’ लिहून घेण्यापेक्षा पेन्सिल परत करवणे शास्त्राला धरून आहे. क्षमा मग लगेच आणि पूर्ण द्यावी, पुढच्या रविवारी त्याची आठवण काढू नये.

सर्वात मोठा पाठ मंडळीचे व्यवहार देतात. हंगामाच्या सणाला बोली लावून पैसे न भरणारे, सभासद-यादीवरून भांडणारे, हिशेब विचारला की चिडणारे मोठे लोक मुले पाहत असतात. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायातली खरी मापे आणि खरा तराजू त्यांना कमिटीच्या टेबलावर दिसायला हवा. याची सुरुवात संडेस्कूलच्या दानपेटीपासून करता येते. शिक्षकांनी येत्या रविवारपासून दोन मुलांकडून पेटी मोजून घ्यावी, रक्कम फळ्यावर लिहावी, खर्च झाल्यावर पावती वर्गात दाखवावी, आणि वर्षाअखेरीस तो हिशेब मंडळीच्या वार्षिक सभेत मुलांकडूनच वाचवून घ्यावा.