चुन्याने जंतू मरतात, विष उरते

मृगाआधी शेतात खत पडावे म्हणून मैलापाणी केंद्रांतला वाळलेला गाळ ट्रॉल्या भरून नेणाऱ्या शेतकऱ्यांना, तो उपसणाऱ्या मजुरांना आणि देणाऱ्या नगरपालिकांना कळकळीची विनंती आहे: हा गाळ कोरडा उधळू नका.

‘चुना मारलाय, आता भीती नाही’ असे सांगितले जाते. गाळाचा सामू १२ वर नेऊन २ तास टिकवला आणि पुढचे २२ तास ११.५ च्या खाली येऊ दिला नाही, तर बहुतेक रोगजंतू मरतात, हे खरेच. पण ई. कोलाय, साल्मोनेला अशा जंतूंच्या बाहेरच्या आवरणातच एक विष असते, एंडोटॉक्सिन. जंतू मरून फुटला की ते मोकळे होते. क्लोरीनने मारले तरी तेच. उकळूनही ते जात नाही. औषधांच्या काचेच्या कुप्यांवरून ते घालवायला २५० अंश सेल्सिअसची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते. उन्हात वाळलेल्या गाळात ते राहणारच. चुन्याच्या तीव्र क्षाराने त्याची थोडी मोडतोड होते, पण ढेकळाच्या पोटात चुना पोचलाच नाही, तर तेवढीही नाही. आणि जिवंत जंतू मोजणाऱ्या अहवालात हे विष दिसत नाही.

मातीत गाडलेल्या गाळापेक्षा मला धास्ती आहे ती धुळीची. ती छातीत गेली की काही तासांनी हुडहुडी, ताप, कोरडा खोकला, छाती आवळल्यासारखी. दुसऱ्या दिवशी उतरते, म्हणून ‘ऊन लागलं’ म्हणत माणूस पुन्हा कामावर जातो. स्वीडनमध्ये मैलापाणी कामगारांच्या अशा तक्रारी १९७० च्या दशकातच नोंदल्या गेल्या.

म्हणून गाळावर पाणी शिंपडूनच तो भरा, वाटेत ताडपत्री टाका, वारा सुटला असेल तर पसरू नका आणि पसरलात की लगेच नांगरून मातीआड करा. तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही. एन-९५ मास्क हवा, चुन्यासाठी चष्मा हवा, आणि ते मजुराला ठेकेदारानेच दिले पाहिजेत. मुलांना ढिगाजवळ फिरकू देऊ नका.

नगरपालिकांनी चुना फावड्याने वरवर न भुरभुरता यंत्राने एकजीव करावा आणि सामूची लेखी नोंद प्रत्येक ट्रॉलीबरोबर द्यावी. शेतकऱ्यांनो, ती मागितल्याशिवाय ट्रॉली हलवू नका. मुंबईत ७ मोठी केंद्रे उभी राहत आहेत. गाळ वाढणारच आहे, तेव्हा ही शिस्त आत्ताच लावून घेऊ या.

गाळाचे काम केल्यावर ताप आला, तर डॉक्टरांना आधी ते काम सांगा, मग ताप.