मोठ्या आकड्याचा मोह

धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये विद्युत्‌रोधक पदार्थ ठेवला, की झाले धारित्र, म्हणजेच कपॅसिटर. पट्ट्यांमध्ये नुसती पोकळी असण्यापेक्षा धारकता किती पट वाढली, ते सांगणारा अंक म्हणजे त्या पदार्थाचा परावैद्युतांक. मग अंक मोठा तो पदार्थ उत्तम, असेच कोणालाही वाटेल. आपल्या पुस्तकांतली गणिते हा समज घट्ट करतात, आणि तो चुकीचा आहे.

दोन पदार्थ घेऊ. बेरियम टिटॅनेट या सिरॅमिकचा अंक साधारण १,५००. पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा जेमतेम २.२. परंतु एक मायक्रॉन जाडीमागे दहाएक व्होल्ट झाले, की सिरॅमिकच्या वडीतून ठिणगी आरपार जाते. ताणून केलेली प्लॅस्टिकची फिल्म मात्र सुमारे ६०० व्होल्ट सोसते. साठणारी ऊर्जा अंकाच्या प्रमाणात वाढते, पण विद्युत्‌दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आकडेमोड करून पाहा : तेवढ्याच घनफळात प्लॅस्टिक सुमारे पाचपट ऊर्जा साठवते!

मग दोन्ही एकत्र केले तर? त्याची गरजही आहे. हे सिरॅमिक भाजायला सुमारे १,३०० अंश सेल्सिअस तापमान लागते. तेवढ्या उष्णतेत सर्किट बोर्ड जळूनच जाईल. म्हणून सिरॅमिकची पूड इपॉक्सीत कालवून तिचा पातळ थर बोर्डातल्या तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये बसवतात.

पण पदार्थ निम्मे-निम्मे घेतले म्हणून अंकांची सरासरी मिळत नाही. वरच्या दोन पदार्थांचे सारख्या जाडीचे थर एकावर एक ठेवा. एकसर जोडणीच्या सूत्राने उत्तर येते अवघे ४.४! कालवलेल्या मिश्रणातही प्रत्येक कणाभोवती प्लॅस्टिकचे वेढण असते. त्यामुळे अंक सरासरीच्या बराच खाली राहतो आणि विद्युत्‌दाबाचा बहुतेक भार प्लॅस्टिकवर पडतो. पुडीच्या गुठळ्या झाल्या किंवा हवेचे बुडबुडे राहिले, तर तिथूनच ठिणगी पडते. यासाठी कणांवर रासायनिक लेप द्यावा लागतो. म्हणजे पदार्थविज्ञानाच्या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्राच्या वर्गात सापडते.

शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे. ‘धारकता काढा’ एवढ्यावर न थांबता ‘या कामासाठी कोणता पदार्थ निवडाल, आणि का?’ असेही विचारा. अशी उत्तरे तपासायला वेळ लागतो, हे मान्य. पण सूत्रात आकडे भरणे यंत्रालाही जमते. कोणता गुण कशासाठी सोडायचा, हे ठरवायला मात्र विचार करावा लागतो. तोच शिकवायचा आहे ना?