एसएमपीएस : "चालेल कोणताही"

आयटीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला एक बिनपगारी काम येतंच. मावशीच्या मुलीला कॉम्प्युटर घ्यायचाय, बजेट अमुक इतकं, "तू जरा यादी करून दे ना!" आपणही उत्साहाने यादी करतो. प्रोसेसरवर तासभर खल, ग्राफिक कार्डांचे बेंचमार्क तोंडपाठ. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ : "कॅबिनेट, एसएमपीएससकट. चालेल कोणताही."

माझं भांडण या शेवटच्या ओळीशी आहे.

लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराला शिव्या घालणं सोपं आहे हो. पण प्रोसेसरचा नंबर ठरलेला, रॅम मोजून मागितलेली. मग शेजारच्या दुकानापेक्षा पाचशे रुपये कमी करायचे तर तो कुठून करणार? जिथे गिऱ्हाईक बघत नाही तिथूनच! २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले तेव्हा ही ओढाताण अजून वाढली. थोडक्यात, कात्री त्याच्या हातात असली तरी जागा आपणच दाखवून दिलेली असते.

आता थोडं गणित. डब्यावर मोठ्या अक्षरात "४५० वॅट" असतं. ते सोडा, बाजूचं बारीक कोष्टक वाचा. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. समजा तिथे १६ अँपिअर लिहिलंय. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. संपलं! बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनवर, म्हणजे जिथे फारशी गरजच नाही तिथे. आता कोअर आय३ १२१००एफ पूर्ण जोरात ८९ वॅटपर्यंत जातो, आरटीएक्स ३०६० चा आकडा १७०. बेरीज २५९. मदरबोर्ड, डिस्क, पंखे वेगळेच.

"पण आम्ही गेम खेळत नाही, ऑफिसचंच तर काम!" हा नेहमीचा युक्तिवाद. मान्य, मग वॅट कमी घ्या, दर्जा का कमी करता? प्रश्न नुसत्या वॅटचा नाही. लाइट गेली की यूपीएस बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद घेतो. तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर तग धरायचा असतो. एटीएक्सच्या मार्गदर्शकात त्यासाठी साधारण १६-१७ मिलिसेकंद धरलेत. स्वस्तातल्या डब्यात कपॅसिटरच छोटा, मग यूपीएस असूनही मशीन रीस्टार्ट होतं आणि बोलणी यूपीएस खातो. व्होल्टेज हाताबाहेर गेलं तर आउटपुट बंद करणारं संरक्षण नसेल तर डबा मरताना मदरबोर्ड आणि डिस्कलाही सोबत नेऊ शकतो. मदरबोर्ड नवा मिळेल, पण डिस्कवरचा तिचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट?

आणि २००४ पासून चालत आलेला "८० प्लस"चा शिक्का? तो चांगलाच आहे, पण मोजतो मुख्यतः कार्यक्षमता, म्हणजे किती वीज उष्णतेत वाया जाते ते. शॉर्ट सर्किट झालं तर डबा शहाण्यासारखा बंद पडेल का, हे तो सांगत नाही. त्यासाठी त्या मॉडेलची उघडून केलेली चाचणी वाचायला हवी. बेंचमार्क वाचायला वेळ असतो ना आपल्याकडे? मग हेही वाचा.

पैसे कुठून आणायचे? काचेचं कॅबिनेट आणि रंगीत दिवे काढा. ओव्हरक्लॉक करायचं नसेल तर महागडा मदरबोर्ड काढा. ग्राफिक कार्ड लागतच नसेल तर रायझन ५ ५६००जी सारखा, ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर घ्या. (आय३ चा तो "एफ" म्हणजे ग्राफिक्स नाही, हेही सांगा!) प्रोसेसर एक पायरी खाली आला तर मशीन जरा हळू चालेल. एसएमपीएस खाली आला तर कदाचित चालणारच नाही.

असो. माझी मागणी एवढीच, की यादी उलटी लिहा. पहिल्या ओळीत एसएमपीएस, कंपनी आणि मॉडेल नंबरासकट, आणि पुढे "बदलून चालणार नाही". मावशीने पैसे साठवून एकदाच काढलेत, ते तुमच्या शब्दावर. तेवढी एक ओळ लिहायचा कंटाळा असेल, तर यादी करून देऊच नका.