वाघ पाहिलात, राजधानी केव्हा पाहणार?

१/ प्रवासाच्या याद्या ठरलेल्या असतात : नागपूरला उतरा, ताडोबात वाघ पाहा, परत फिरा. चंद्रपूर शहर त्यांत केवळ वाटेवरची पाटी म्हणून येते. हा साधा विसर नव्हे. ‘अरण्यात इतिहास नसतो’ हा जुनाच गैरसमज त्यामागे आहे.

२/ वस्तुतः चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. परंपरेनुसार खांडक्या बल्लाळशहाने ती बल्लारशाहून येथे आणली. जटपुरा, पठाणपुरा, अचलेश्वर, बिनबा या चार वेशी आणि सुमारे ११ किलोमीटरचा परकोट बऱ्याच अंशी उभा आहे. असा कोट सुस्थिर राज्यच बांधू शकते.

३/ ‘पण तिकडचे ऊन!’ हा आक्षेप ठरलेला. मात्र त्याच उन्हात, पाणवठ्यावर वाघ हमखास दिसतो म्हणून, सफारीला गर्दी लोटते. चैत्रात मराठवाडा व तेलंगणातून हजारो भाविक महाकालीच्या यात्रेला येतात. झरपटकाठचे हे मंदिर उभारणाऱ्या राणी हिराईचे नाव त्यांतील कितींना कोणी सांगितले? पती बीरशहाची समाधीही तिनेच बांधविली.

४/ दोष आपल्या कथनाचाही आहे. १७५१ साली नागपूरकर भोसल्यांनी चांदा घेतला, येथूनच आपण चांद्याची कथा सुरू करतो. त्याआधीची शतके कोणाची? आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांनी याच चांद्यात फाशी दिलेले बाबुराव शेडमाके १८५७ च्या आपल्या नामावलीत इतक्या उशिरा का येतात?

५/ वाघामुळे येथे रोजगार आहे, हे मान्यच. परंतु ‘ताडोबा’ हे नावही तारू या गोंड दैवताचे. नाव घ्यायचे आणि ते देणाऱ्यांना वगळायचे, हा न्याय नव्हे.

६/ म्हणून मागणी एवढीच : सफारीला एक दिवस जोडा. जटपुऱ्यापासून परकोटाने चाला, अचलेश्वराजवळ गोंड राजांच्या समाध्या पाहा. महाशिवरात्रीला आलात, तर गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेकाठी मार्कंड्याची शिल्पे पाहा. २०१७ पासून स्थानिक तरुण या परकोटावरची झुडपे स्वतः काढत आले आहेत. त्यांनी मोकळी केलेली वाट चालायला तरी आपण जाऊ.